पाकशिक्षणाला रोजची पंगत हवी

दहावी किंवा बारावी झालेली, स्वयंपाकात हात रमणारी एखादी मुलगी सांगलीजवळच्या माधवनगरात राहते. तिला हेच काम नीट शिकून त्यावर पोट भरायचे आहे. तिच्यापुढे आज कोणत्या वाटा आहेत, त्या कुठवर नेतात आणि त्यांना किती पैसे लागतात? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर सरळ मिळत नाही. 'हॉटेल मॅनेजमेंट' या दोन शब्दांखाली तीन वर्षांची पदवी, दीड वर्षाचा कारागिरी अभ्यासक्रम, आयटीआयचा ट्रेड, बँकेचे काही दिवसांचे मोफत प्रशिक्षण आणि नुसती पाटी लावलेली खासगी संस्था, असे सगळेच एकत्र खपवले जाते. या वाटांचा आढावा घेताना मी एकच कसोटी हाताशी ठेवली आहे: शिकणाऱ्याने केलेला स्वयंपाक रोज कोण जेवते? पाकशिक्षणाच्या चांगल्या-वाईटाचा निवाडा माझ्या मते याच प्रश्नावर होतो.

माल आहे, जेवणारेही आहेत

कॉटन मिल आणि यंत्रमाग यांमुळे ओळखले जाणारे माधवनगर सांगली-तासगाव रस्त्यावर आहे आणि आज सांगली शहराला जवळजवळ जोडले गेले आहे. एका बाजूला कुपवाडची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला वसंतदादा साखर कारखाना. विश्रामबागेत १९१९ चे विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ चे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, त्यांच्या आसपास विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि मेस. पुढे मिरज, जिथे १८९४ मध्ये वानलेस रुग्णालय उभे राहिले आणि त्यामागून रुग्णालयांचे गावच वसले. त्यात मंगल कार्यालये, अख्खा मसूर आणि भाकरी देणारे हमरस्त्यावरचे ढाबे आणि शाळांमधला पोषण आहार मिळवला, तर काही किलोमीटरच्या टापूत घराबाहेर जेवणाऱ्यांची संख्या केवढी मोठी आहे ते ध्यानात येते.

मालाची तर ददातच नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांमध्ये ही हळद साठवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवे निकामी झाली, तरी ते ज्ञान या भागाचे आहे. तासगावची द्राक्षे, सांगलीचा बेदाणा, कृष्णाकाठची वांगी, भडंग आणि कांदा-लसूण चटणी इथलीच. साताऱ्याकडे वळलो की कंदी पेढे, कोरेगावचा वाघ्या घेवडा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. इकडे सांगली जिल्ह्यातच, भिलवडीत १९३९ मध्ये सुरू झालेल्या चितळेंच्या दूध व्यवसायाने महाराष्ट्रभर नाव कमावले.

म्हणजे पिकवणारा आहे, खाणाराही आहे. या दोघांच्या मध्ये उभे राहणारे शिकलेले हात मात्र घरात, एखाद्या आचाऱ्याच्या हाताखाली किंवा पुण्या-मुंबईला जाऊनच तयार होतात.

या विद्येचा मागचा रस्ता

मराठीत पाककृती छापून शिकवण्याची सुरुवात जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये निघाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० मध्ये. पण या भागाला सर्वांत जवळचे नाव कमलाबाई ओगले यांचे. त्या १९१३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या कुंडलला जन्मल्या. शाळा चौथीपर्यंतच झाली. १९७० मध्ये आलेल्या त्यांच्या 'रुचिरा'ने दोन-तीन पिढ्यांना स्वयंपाक शिकवला. त्या पुस्तकाचे मोठे बळ म्हणजे वाटी आणि चमचा ही मापे. ज्या घरात वजनकाटा नाही त्या घरातही कृती तशीच उतरावी, ही त्यामागची शिक्षकाची दृष्टी होती. चौथी शिकलेल्या बाईला जे उमगले ते आजच्या कित्येक अभ्यासक्रमांना उमगलेले नाही: शिकणाऱ्याच्या हाताशी जे आहे तिथून शिकवायला सुरुवात करायची.

दुसरा धागा साताऱ्याचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामे स्वतः करत. दळण, स्वयंपाक, भांडी ही त्यांच्या शिक्षणाची अंगे होती. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. 'कमवा आणि शिका' ही कल्पना याच मातीत रुजली. स्वयंपाकघर हे शिक्षणाचे ठिकाण असू शकते आणि पंक्तीतला भेद तिथेच मोडता येतो, हे सातारा जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले आहे.

तिसरा धागा मुंबईचा. आपल्या देशातील पहिली केटरिंग संस्था १९५४ मध्ये मुंबईत निघाली. आज ती दादरची इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट म्हणून ओळखली जाते. तिच्यामागे लीलावती मुन्शी आणि अखिल भारतीय महिला अन्न परिषद होती. ते अन्नटंचाईचे दिवस होते. गहू-तांदळावरचा भार कमी व्हावा म्हणून या परिषदेने 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहे चालवली होती आणि इतर जिन्नसांचे स्वस्त, पोषक पदार्थ लोकांपुढे ठेवले होते. भारतातले पाकशिक्षण पंचतारांकित हॉटेलांच्या गरजेतून जन्मले असा समज आहे. त्याचे मूळ मात्र सामान्य माणसाला स्वस्तात चांगले जेवू घालण्याच्या धडपडीत आहे.

त्याच मुंबईत १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देणे, हे त्याचे पहिले काम होते. जिथे गिरणी तिथे खाणावळ, हे महाराष्ट्रभर घडले. खाणावळवाल्या बायांचे कसब मोठे होते. ठरलेल्या पैशांत, ठरलेल्या वेळी, रोज तीच चव त्या देत. त्या कसबाला प्रमाणपत्र मात्र कुणी दिले नाही.

आजच्या वाटा

पहिली वाट पदवीची. राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन परिषदेशी संलग्न संस्थांत बारावीनंतर देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षांचा बी.एस्सी. अभ्यासक्रम करता येतो. पुण्यात राज्य शासनाची संस्था आहे. कडेगाव तालुक्यातल्या सोनसळचे पतंगराव कदम यांनी स्थापलेल्या भारती विद्यापीठासह अनेक खासगी संस्थांतही पदवी मिळते. या वाटेने शिस्त येते, इंग्रजी येते, मोठ्या हॉटेलात पाय ठेवायला जागा मिळते. पण हा अभ्यासक्रम हॉटेलाच्या चारही विभागांचा असतो: स्वागतकक्ष, खोल्यांची व्यवस्था, वाढप आणि स्वयंपाक. ज्याला फक्त स्वयंपाक शिकायचा आहे त्याच्या वाट्याला चुलीसमोरचे तास कमी येतात. खासगी संस्थेत फी, वसतिगृह, गणवेश आणि सुऱ्यांचा संच मिळून खर्च काही लाखांवर जातो. माधवनगरातल्या यंत्रमाग कामगाराच्या घराला हे कर्ज काढल्याशिवाय झेपत नाही, आणि पहिल्या नोकरीचा पगार त्या कर्जाचा हप्ता फेडण्याइतका असेलच असे नाही.

दुसरी वाट कारागिरीची. याच राष्ट्रीय संस्थांत अन्न उत्पादन आणि पॅटिसरी यांचा दीड वर्षाचा अभ्यासक्रम असतो. त्यातले एक वर्ष संस्थेत आणि सहा महिने प्रत्यक्ष कामावर जातात. स्वयंपाकच शिकायचा असेल तर तीन वर्षांच्या पदवीपेक्षा हा मार्ग जास्त थेट आहे. पण पालकांच्या बोलण्यात त्याचे नाव फारसे निघत नाही, कारण त्याला पदवीचा मान नाही.

तिसरी वाट आयटीआयची. १९५० पासून चालत आलेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेत 'फूड प्रॉडक्शन' आणि 'बेकर अँड कन्फेक्शनर' हे एक वर्षाचे ट्रेड आहेत. नव्या आराखड्यात वर्षाच्या १,२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे आहेत. कागदावर याहून चांगली मांडणी दुसरीकडे सापडणार नाही. फी अत्यल्प, भाषा मराठी चालते, दहावीवर प्रवेश. खरी अडचण शिध्याची आहे. वेल्डिंग शिकणारा लोखंडाचा तोच तुकडा पुन्हा वापरू शकतो. स्वयंपाकात मात्र रोज नवा कांदा, नवे तेल, नवे पीठ लागते. शिध्याचा पैसा तोकडा पडला की एक जण करतो आणि बाकीचे भोवती उभे राहून पाहतात. मग त्या ८४० तासांत प्रत्येकाच्या हातात सुरी आणि उलथने किती वेळ आले, हा प्रश्न उरतोच.

चौथी वाट छोट्या प्रशिक्षणांची. पर्यटन मंत्रालयाच्या 'हुनर से रोजगार तक' योजनेत आठवी शिकलेल्यांसाठी आठ आठवड्यांचा स्वयंपाकाचा अभ्यासक्रम आखला गेला. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत पापड-लोणची, फास्ट फूड यांसारखी निवासी प्रशिक्षणे मोफत असतात. कौशल्य विकास योजनेत जुन्या कारागिराच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सोय आहे. बचत गटातल्या बायकांना आणि घरून डबे देणाऱ्यांना याचा उपयोग होतो. आठ आठवड्यांत स्वयंपाकी घडत नाही, पण आधीच हात बसलेल्या माणसाला स्वच्छता, हिशेब आणि परवान्याचे ज्ञान तेवढ्या वेळात देता येते.

पाचवी वाट सामुदायिक महाविद्यालयाची. या आढाव्याचा गाभा तीच आहे.

सामुदायिक महाविद्यालय: कल्पना आणि वास्तव

अमेरिकेत १९०१ मध्ये जोलिएट इथे पहिले ज्युनियर कॉलेज निघाले आणि त्यातून गावोगावची कम्युनिटी कॉलेजे वाढली. घराजवळ, कमी फीमध्ये, नोकरी सांभाळून शिकता येईल आणि पुढे वाटले तर पदवीकडे वळता येईल, अशी त्यांची रचना आहे. सॅन फ्रान्सिस्को सिटी कॉलेजात १९३० च्या दशकापासून हॉटेल आणि स्वयंपाकाचे शिक्षण दिले गेले, आणि तिथले विद्यार्थी कॉलेजच्याच उपाहारगृहासाठी रांधत आले. आज जगभर नाव असलेली 'कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका' ही संस्थाही १९४६ मध्ये न्यू हेवन इथे महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना रोजगार मिळावा म्हणून सुरू झाली. वकील असलेल्या फ्रान्सिस रॉथ तिच्या पहिल्या संचालक होत्या.

भारतात ही कल्पना पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये आणली आणि त्यानंतर लगेच ती मद्रासमध्येही आली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून चालू महाविद्यालयांतच अशी केंद्रे काढायला पैसे दिले. पुढच्याच वर्षी बी.व्होक. ही कौशल्यशिक्षणाची पदवी आली. त्यात साठ टक्के श्रेयांक कौशल्याचे, चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचे. एका वर्षानंतर थांबले तर हातात पदविका, तीन वर्षे केली तर पदवी. रचना उत्तम होती. पण महाविद्यालयांनी बहुतेक असे अभ्यासक्रम निवडले जे वर्गात आणि संगणकावर भागतात. अन्नाशी संबंधित अभ्यासक्रम घेतलेच तर ते अन्नप्रक्रियेचे: जॅम, सरबत, वाळवण, वेष्टन. तेही हवे आहे. सातारा जिल्ह्यात देगावला २०१८ मध्ये मेगा फूड पार्क सुरू झाले आहे, त्याला माणसे लागणार. पण शंभर पानांची पंगत वेळेवर उठवणे ही वेगळी विद्या आहे आणि ती प्रयोगशाळेत येत नाही.

का येत नाही, हे प्रमाणांतून दिसते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरतात. सहावी ते आठवीच्या मुलामागे १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. दोनशे मुलांचा भात म्हणजे वीस ते तीस किलो तांदूळ. चार जणांच्या कृतीला पन्नासने गुणून हा भात होत नाही. पातेल्याची उंची वाढली की तळ आणि वरचा थर वेगवेगळ्या वेळी शिजतात, पाण्याचे प्रमाण उतरते, मीठ-तिखटाचा अंदाज बदलतो. शिजलेला भात ६० अंश सेल्सिअसच्या खाली तासन्‌तास पडून राहिला की त्यात विषबाधा करणारे जंतू वाढतात. पिढीजात आचाऱ्याला यातला पहिला भाग हाताने येतो, पण दुसरा त्याला कुणी सांगितलेला नसतो. पदवीधराला दुसरा पाठ असतो, पण पहिला जमत नाही. दोन्ही एका माणसात यायचे तर त्याने महिनोन्‌महिने खऱ्या माणसांसाठी, घड्याळाच्या काट्यावर, मोठ्या पातेल्यात रांधले पाहिजे.

अडथळे कुठे आहेत

पहिला अडथळा शिक्षकांचा. शिकवायला पदवी लागते, आणि बुंदी पाडणारा, दोन हजार पुरणपोळ्यांचे पुरण शिजवणारा माणूस बहुधा पदवीधर नसतो. त्यामुळे वर्गात फ्रेंच सॉसची नावे घोकली जातात आणि येसर, डांगर, शेंगोळ्या, पांढरा रस्सा अभ्यासक्रमाच्या कडेला राहतात. फ्रेंच पद्धतीला विरोध नाही; सुरीचे काट, रस काढण्याची रीत, स्वयंपाकघरातली कामाची वाटणी या गोष्टी तिच्याकडून घ्याव्यातच. पण सांगलीतल्या विद्यार्थ्याला कांदा-लसूण चटणीचे शास्त्र तितक्याच काटेकोरपणे शिकवले गेले पाहिजे: मिरचीची जात, भाजणीची पायरी, तेलाचे प्रमाण, टिकण्याची मुदत.

दुसरा अडथळा बाईच्या वाट्याचा. घरात स्वयंपाक तिचा, पण हॉटेलच्या भटारखान्यात बहुतेक पुरुष. रात्री अकराला संपणारी पाळी, परतीच्या एसटीची अनिश्चिती आणि दूरचे वसतिगृह यांमुळे मुलगी मागे राहते. गावाजवळची, दिवसा चालणारी शाळा हा तिच्यासाठी सर्वांत मोठा बदल ठरेल.

तिसरा अडथळा जातीचा. कुणाच्या हातचे खायचे हा प्रश्न महाराष्ट्रातून पुरता गेलेला नाही. जिथे सर्वांनी मिळून रांधायचे आणि सर्वांनी मिळून जेवायचे अशी सार्वजनिक शाळा हाच त्यावरचा उपाय आहे, आणि भाऊरावांनी तो करून ठेवला आहे.

चौथा अडथळा मोबदल्याचा. शाळेत शेकडो मुलांचे अन्न शिजवणाऱ्या बाईला राज्यात महिन्याला २,५०० रुपये मानधन मिळते. शिकलेल्या हाताची किंमत समाजाने ओळखली नाही, तर शिकण्याची उमेद टिकणार नाही. शिकलेले तरुण मग बाहेरचा रस्ता धरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात स्वयंपाकीही आहेत. जर्मनीत स्वयंपाक्याचे शिक्षण तीन वर्षांचे असते. आठवड्यातला बहुतेक वेळ खऱ्या भटारखान्यात पगारी उमेदवारी आणि उरलेला शाळेत. जायचे त्यांनी जरूर जावे. पण तो देश आपल्याकडून माणसे मागतो आहे तर त्याची पद्धतही आपण पाहिली पाहिजे. तिचा पाया रोजच्या खऱ्या कामात आहे.

माधवनगरात काय करता येईल

नवी इमारत किंवा नवे विद्यापीठ यासाठी लागत नाही. सांगली-माधवनगर परिसरातल्या एखाद्या चालू महाविद्यालयाने तीस विद्यार्थ्यांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम काढावा आणि त्याचे स्वयंपाकघर हीच परिसराची खाणावळ करावी. रोज दोनशे ताटे. जेवणारे वसतिगृहातले विद्यार्थी, कुपवाडचे कामगार आणि मिरजेच्या रुग्णालयांत उपचारासाठी आलेल्यांचे नातेवाईक. ताटाचे पैसे शिध्याचा खर्च भरून काढतील, म्हणजे आयटीआयला भेडसावणारी अडचण इथे मुळातच सुटेल. दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात देणारी शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० पासून राज्यात सुरू झाली. शासनाला ताटामागे अनुदान द्यायचेच असेल, तर ते शिकणाऱ्यांच्या हातून का जाऊ नये?

शिकवायला दोन माणसे हवीत: एक पदवीधर आणि एक मुरलेला आचारी किंवा खाणावळवाली. दोघांचा मान आणि मानधन सारखे असावे. आचाऱ्याच्या अनुभवाला पूर्वानुभव मान्यतेचे प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी योजनेत आहेच, तिचा उपयोग करावा. उमेदवारी योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार देते, त्यामुळे कारखान्यांच्या कँटीनना आणि मंगल कार्यालयांना शिकाऊ उमेदवार घेणे परवडेल. वर्षातला एक महिना शाळांच्या पोषण आहारात आणि एक रुग्णालयाच्या पथ्याच्या स्वयंपाकघरात घालवावा, म्हणजे मधुमेहाचे, मूत्रपिंडविकाराचे ताट वेगळे कसे होते ते हाताला कळेल. हरिपूरची पेवे, तासगावचे बेदाण्याचे शेड आणि भिलवडीची डेअरी ही तर चालत्या-बोलत्या पाठांची ठिकाणे. अन्न सुरक्षा कायदा, नोंदणी, ताटाचा हिशेब आणि उधारीची वही मराठीतूनच शिकवावी. इंग्रजी व्यवसायाची भाषा म्हणून जरूर शिकवावे, पण इंग्रजी येत नाही म्हणून कुणाला दारातून परत पाठवू नये.

आणि एक गोष्ट पुराने शिकवली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने सांगली वेढली तेव्हा हजारो माणसे निवारा केंद्रांत होती आणि त्यांच्यासाठी ठिकठिकाणी चुली पेटल्या. दोनशे ताटे रोज रांधणारी शाळा अशा दिवसांत दोन हजार ताटांची होऊ शकते. ती परिसराचे संकटातले बळ ठरेल.

हे होईपर्यंत ज्यांना यंदाच प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी काय करावे? स्वयंपाकच आवडत असेल तर पदवीच्या मोहात न पडता आधी कारागिरी अभ्यासक्रम आणि आयटीआय पाहावे. व्यवस्थापनाची आवड असेल आणि सरकारी संस्थेत प्रवेश मिळत असेल तर पदवी घ्यावी. खासगी संस्थेचे माहितीपत्रक वाचण्याआधी तिचे स्वयंपाकघर सकाळी अकराला जाऊन पाहावे. चुलीवर काय आहे, किती विद्यार्थ्यांच्या हातात काम आहे, शिजलेले अन्न कुठे जाते, हे विचारावे. तिथल्या विद्यार्थ्यांनी केलेले जेवण रोज कुणी पैसे देऊन जेवत असेल, तर फी भरायला हरकत नाही. आणि आपल्या तालुक्यात अशी एकही शाळा नसेल, तर आमदाराकडे, संस्थाचालकांकडे आणि महाविद्यालयाच्या विकास समितीकडे ती मागण्याचा आपला हक्क आहे. कर्मवीरांच्या जिल्ह्याशेजारी राहणाऱ्यांनी ही मागणी कमी आवाजात करण्याचे कारण नाही.